शिवणीतली माया

पौडला माझं शिवणकामाचं दुकान आहे. मुळशी तालुक्याचं ठाणं असल्यामुळे तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, बँका सगळं इथेच आहे आणि त्यामुळे दुकानात येणाऱ्या बायकाही तऱ्हेतऱ्हेच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई येतात, अंगणवाडीच्या सेविका येतात, धरणाकाठच्या गावांतून बाजाराला आलेल्या आज्या येतात. पिरंगुटच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुली शनिवार-रविवार गाठतात. वय, पगार, पेहराव सगळं वेगळं, पण तक्रार एकच ऐकू येते: कपाट भरलंय आणि घालायला काही नाही.

ही तक्रार खरी असते. गेल्या दोन-तीन दशकांत पुण्याची वस्ती सरकत सरकत भूगाव, भुकूम, पिरंगुटपर्यंत आली, जमिनींचे भाव चढले, लग्नं मोठी झाली आणि मानपानाच्या साड्यांचे गठ्ठे वाढले. या साड्या नेसायच्या म्हणून कुणी घेत नाही. त्या देण्याघेण्याच्या असतात. एका लग्नात आलेली दुसऱ्या लग्नात जाते, मधल्या काळात कपाटाचा एक खण अडवते. हळदीकुंकवाला आणि ओटी भरताना मिळालेल्या ब्लाऊजपीसांचं तसंच. प्रत्येक घरात ऐंशी सेंटिमीटरच्या तुकड्यांची एक पिशवी असतेच. भर म्हणून दर सणाला घेतलेले तयार कुर्ते. इतकं सगळं असूनही सकाळी घाईच्या वेळी हात नेहमीच्या चार कपड्यांकडेच जातो, कारण बाकीच्यांपैकी एकाचं ब्लाऊज होत नाही, दुसऱ्याखाली घालायला परकर नाही, तिसरा टोचतो आणि चौथ्यावर जाईल असं काहीच घरात नाही.

म्हणून नवं कापड घेऊन आलेल्या बाईला मी मापं घेण्याआधी विचारते, घरी काय काय आहे? आणि जमत असेल तर सांगते, एकदा सगळं बांधून घेऊन या. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा कटिंगच्या टेबलावर आम्ही ते पसरतो आणि तीन ढीग करतो. अंगाला बरं वाटतं आणि वापरात आहे ते एका बाजूला. देऊन टाकण्यासारखं दुसऱ्या बाजूला. मधला ढीग असतो तो कापड चांगलं पण बसत नाही, जुनं वाटतं, जोडीला काही नाही, अशा कपड्यांचा. माझं काम त्या मधल्या ढिगात आहे. बहुतेक बायकांना वाटतं की तो टाकायचा ढीग आहे, आणि त्यातच त्यांचं सगळ्यात चांगलं कापड निघतं.

चांगलं कापड ओळखायच्या माझ्या रीती साध्या आहेत. साडीच्या काठाची कड बोटांनी चाचपून पाहते. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही कडांना टोकदार काठी लावतात, तिची बारीक भोकं कडेला राहतात. ती दिसली की साडी हातमागाची असल्याची मोठी खूण मिळते. रंगासाठी पांढरा ओला रुमाल कोपऱ्यावर चोळते. रुमाल रंगला तर ती साडी पहिल्यांदा वेगळीच धुवायची. शिवलेला कपडा असेल तर तो उलटा करते. एका इंचात दहा-बारा टाके आहेत का, चौकडी किंवा पट्टे असतील तर शिवणीला जुळवलेत का आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जास्तीचं कापड, किती ठेवली आहे. अनेक स्वस्त तयार कुर्त्यांमध्ये ओव्हरलॉकच्या कडेपर्यंत जेमतेम बोटभर कापड असतं. माणूस जरा भरला की तो कुर्ता संपला. त्यात शिंप्याला करण्यासारखं काही उरत नाही.

माझ्याकडे शिवलेल्या ब्लाऊजला दोन्ही बगलांत दीड-दीड इंच माया असते आणि पाव-पाव इंचाच्या अंतरावर आत तीन टिपा घातलेल्या असतात. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, किंवा नुसतं वय वाढल्यावर दोन्ही बाजूंची एकेक टीप उसवली की घेर एक इंचाने वाढतो, कारण पुढचा आणि मागचा भाग धरून चार पदरांत पाव-पाव इंच मिळतो. दोन टिपा उसवल्या की दोन इंच. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते कापायच्या दिवशी ठरलेलं असावं लागतं. लहान मुलांच्या बाबतीत आया हे आपणहून सांगतात: ताई, वाढत्या अंगाचं शिवा. फ्रॉकच्या घेराला आत चूण, चड्डीच्या पायाला दोन इंचांची दुमड, हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्वतःचं अंगही बदलतं, हे मात्र त्याच आया स्वतःचा कपडा शिवताना विसरतात आणि अगदी अंगाबरोबर बसवा म्हणतात. मी अंगाबरोबरच बसवते, फक्त आत जागा ठेवते. थोडक्या कपड्यांत वर्षानुवर्षं नीटनेटकं दिसायचं असेल तर त्याची सुरुवात या न दिसणाऱ्या दीड इंचात होते, हे माझं ठाम मत आहे.

एका शाळेतल्या बाईंचं उदाहरण सांगते. त्या म्हणाल्या, "ताई, रोज वेगळी साडी कुठून आणू? मी वर्गात पाऊल टाकलं की पहिल्या बाकावरची मुलगी सांगते, बाई, ही परवाच नेसला होतात." त्यांच्याकडे चाळीसेक साड्या होत्या. निवड करता करता सहा राहिल्या: लाल काठाची काळी इरकल, एक गडद निळी इरकल, मरून काठाची मोतिया महेश्वरी, मोहरी रंगाची नारायणपेठ, राखाडी खादी आणि आईकडून आलेली डाळिंबी सुती. सगळ्या सुती किंवा सुती-रेशमी, सगळ्या धुऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या. प्रत्येकीचं आपापलं ब्लाऊज होतं, त्यातली निम्मी अंगाला होत नव्हती.

आम्ही ठरवलं की यापुढे ब्लाऊज एका साडीसाठी शिवायचं नाही, सहा साड्यांसाठी शिवायचं. पाच पुरली. एक लाल खणाचं, एक हिरव्या खणाचं, एक साधं काळं सुती, एक मोतिया आणि एक मरून. मोहरी साडीवर मरून ब्लाऊज एरवी त्यांना सुचलं नसतं. राखाडी खादीवर हिरवा खण घातला तेव्हा ती खादी त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. सहा साड्या आणि पाच ब्लाऊज म्हणजे कागदावर तीस जोड्या होतात. त्यातल्या काही डोळ्यांना बऱ्या वाटत नाहीत, त्या सोडल्या तरी वीसेक हमखास राहतात. शाळेचे सहा दिवस धरले तर तीन आठवडे उलटून जातात तरी तोच मेळ पुन्हा अंगावर येत नाही. यासाठी नवं कापड लागलं ते दोनच ब्लाऊजांना. एक जुनं उसवून सैल केलं आणि खणाची दोन त्यांच्या ओटीच्या पिशवीत निघालेल्या तुकड्यांतून झाली.

खणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण थोडक्या कपड्यांत एवढा रंग भरणारं दुसरं कापड आपल्याकडे मला माहीत नाही. हे कापड विणतात कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला, आणि वापर मुख्यतः महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात. पन्हा लहान असतो, साधारण तीस इंचांचा, कारण ते मुळात चोळीसाठीच विणलेलं कापड. अंगभर बारीक नक्षी आणि दोन्ही कडांना काठ. अलीकडे खणाचे कुर्ते, झगे, पिशव्या असं सगळं निघतं. पण एवढ्याशा पन्ह्यात पूर्ण कुर्ता बसवायचा तर कळ्या जोडाव्या लागतात, आणि बिनविचार कापलं की काठ वाया जातो. माझा अनुभव असा की खण थोडा वापरावा. खणाचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून ठेवलं तर ते पांढऱ्या कुर्त्यावर चालतं, काळ्या कुर्त्यावर चालतं, साध्या साडीवरच्या ब्लाऊजवरही चालतं. बाहीला दोन बोटं काठ लावला तरी पुरतो. साधं कापड जास्त आणि नक्षीचं कमी, असं प्रमाण ठेवलं की जोड्या आपोआप वाढतात. सगळेच कपडे भरजरी असले की कुठलाही दुसऱ्याशेजारी बसत नाही.

इरकल ही त्याच बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची. तिचं अंग सुती, पदर रेशमी लाल-पांढरा, आणि पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून विणतानाच जोडतात. त्यामुळे तिच्या पदराचा लाल हा कुठल्याही रंगाच्या अंगावर येतोच. एक लाल ब्लाऊज घरातल्या सगळ्या इरकलींना चालतं ते याच कारणाने. महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल असा विणण्याची रीत आहे. एका बाजूने ती विटली, डाग पडला, तर उलटी करून नेसता येते. हातमागावरच्या जुन्या धाटणीच्या पैठणीच्या पदराची नक्षीही दोन्हीकडून सारखीच असते. विणकरांनी हे गुण कापडात घालून ठेवले आहेत. आपण ते वापरत नाही एवढंच.

आमच्या आधीच्या बायका वापरत असत. एक अंगावर, एक दांडीवर, एवढ्यातच पुष्कळ जणींचं आयुष्य गेलं. त्यात गरिबी होती आणि तिचं कौतुक करायची माझी इच्छा नाही. पण त्या गरिबीत जे कसब साठलं ते फेकून देण्यासारखं नाही. लुगडं एका जागी विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं जोडून दंड घालायचा. ती जोडणी निऱ्यांत जाईल असं मोजून केलेलं असे, म्हणून बाहेरून कुणाला कळत नसे. मी हे काम आजही करते. साडेपाच मीटरच्या साडीतून अर्धा हात विरलेला भाग काढला तरी सव्वापाच मीटर राहते आणि मध्यम बांध्याच्या बाईला दोन निऱ्या कमी करून ती सुखाने पुरते. एका आजींनी त्यांची जांभळी साडी अशी दंड घालून नेली, नातीच्या साखरपुड्यात नेसल्या, आणि नवीन कधी घेतली असं त्यांना विहिणीने विचारलं.

दुसरी रीत घडी मोडायची. नवी साडी आपण आधी न नेसता जावेला, नणंदेला, मैत्रिणीला नेसायला द्यायची. पौडमध्ये एकाच वाड्यातल्या तीन जावा माझ्याकडे येतात, तिघींची मापं जवळपास सारखी आहेत. त्या आता सणाच्या साड्या मिळून ठरवतात, म्हणजे एकीची हिरवी असेल तर दुसरी हिरवी घेत नाही, आणि ब्लाऊजला मी माया जास्त ठेवते. तिघींच्या मिळून थोडक्याच भारी साड्या, पण प्रत्येकीला सगळ्या नेसायला मिळतात. पूर्वी तिघी मिळून त्याच्या तिप्पट घेत आणि प्रत्येक साडी एकदाच अंगाला लागे.

पुरुषांच्या बाबतीत मला गावातले जुने लोक पाहत राहावेसे वाटतात. दोन-तीन पांढरे सदरे, पांढरा लेंगा किंवा धोतर, टोपी. बाजार, ग्रामसभा, लग्न, दहावा, कुठेही ते चुकीचे दिसत नाहीत. कपडा स्वच्छ आहे, खांद्यावर नीट बसतो, इस्त्री आहे, एवढंच त्यामागे असतं. त्यांच्या नातवांना मी सांगते, कपाटात आठ शर्ट ठेवण्याआधी दोन शर्टांचे खांदे नीट बसवून घ्या. खांदा उतरला की महाग कापडही उसनं दिसतं.

हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एका मुलीने मला सांगितलं की थोडक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांच्या अशा बेताला परदेशात कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. लंडनमध्ये सुझी फॉ नावाच्या दुकानमालकीण बाईंनी 1970 च्या दशकात ही कल्पना रुजवली आणि 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा एक संच काढला, सातही एकमेकांत मिसळणारे. तिने मला ते फोनवर दाखवलं. काळे, करडे, उंटाच्या रंगाचे कपडे. बेत मला पटला, रंग पटले नाहीत. आपल्या उन्हात आणि आपल्या कातडीवर हळद, डाळिंब, गडद निळा, बाटलीचा हिरवा हे रंग रोजचेच आहेत, आणि ते आपसांत जुळतातही. त्या मुलीसाठी आम्ही बेत तोच ठेवून कपडे इथले घेतले: दोन सरळ सुती कुर्ते, एक पांढरा आणि एक निळा, एक काळी आणि एक मोतिया सलवार, खणाचं जाकीट, आणि आजीच्या फाटलेल्या नारायणपेठेच्या धड राहिलेल्या पदरातून काढलेली ओढणी. ती ओढणी घेतली की साधा पांढरा कुर्ता दिवाळीचा होतो, काढली की ऑफिसचा.

चांगलं कापड म्हणजे नेहमी महागडं किंवा रेशमी, असा अर्थ मात्र कुणी घेऊ नये. मुळशीत राहून ते परवडणारं नाही. ताम्हिणीच्या बाजूला हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पौडला त्यापेक्षा कमी, तरी जुलै-ऑगस्टमध्ये दांडीवरचं सुती पातळ दोन-दोन दिवस दमट राहतं. भातलावणीला चिखलात उतरणारी बाई हलकी पॉलिस्टरची साडी नेसते, कारण ती संध्याकाळी पिळून सकाळी अंगावर घेता येते. त्या कामाला तेच उत्तम कापड. मी कुणालाही शेतावर हातमाग नेसायला सांगत नाही. ज्या कामाला जो कपडा लागतो तो त्या कामापुरता टिकाऊ असावा आणि मापाचा असावा.

याच पावसामुळे इथे निगा हा कामाचा अर्धा भाग होतो. जरीच्या आणि रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या की आतल्या आत दमटपणा कोंडतो, बुरशी धरते, जर काळी पडते. मी मलमलीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून ठेवायला सांगते, शेजारी वेखंडाची किंवा कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याची पुरचुंडी, आणि डांबरगोळी जरीला कधीही टेकवू नका म्हणते. दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरला की सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा आणि घडी बदलायची. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम त्या रेघेवरच चिरतं. शिवायला आलेलं सुती कापड आणि अस्तर मी आधी पाण्यात भिजवून वाळवते, कारण अस्तर नंतर आटलं की चांगल्या ब्लाऊजला सुरकुत्या पडतात आणि त्यावर इलाज राहत नाही.

या सगळ्या कामाचा हिशेब सरळ नाही. नवं ब्लाऊज शिवलं तर शिवणावळ ठरलेली असते. आत तयार टिपा नसलेलं जुनं उसवून बसवायला कधी कधी तेवढाच वेळ जातो, पण उसवण्याचे पैसे द्यायला लोकांचा हात आखडतो. "नुसतं तर सैल करायचंय," असं म्हणतात. टीप न टीप ब्लेडने काढणं, कापडाला भोक न पाडणं, जुन्या शिवणीची रेघ इस्त्रीने घालवणं, पुन्हा मापात आणणं, यात डोळे आणि मान दोन्ही लागतात. मी त्याचे दर आता पाटीवर लिहून लावले आहेत. सुरुवातीला काही जणी परत गेल्या, पण ज्यांनी एकदा करून घेतलं त्या टिकल्या. चांगलं कापड वीस वर्षं चालावं असं आपल्याला वाटत असेल तर ते चालवणाऱ्या हातालाही त्याचा मोबदला मिळायला हवा. नाहीतर गावागावांतले शिंपी फक्त नवं शिवतील, आणि जुनं कुणी हाताळणारच नाही.

माझ्याकडे मुली शिकायला येतात. मी त्यांना कापायला शिकवण्याआधी उसवायला शिकवते. पहिले काही आठवडे जुनी ब्लाऊजं, कुर्ते, शर्ट यांच्या टिपा काढायच्या, तुकडे टेबलावर मांडायचे आणि बघायचं की आधीच्या माणसाने उरेब कुठे घेतला, उभा धागा कुठे ठेवला, माया किती सोडली. काही कपड्यांत त्यांना बोटभरही जागा सापडत नाही, आणि तेव्हा त्या आपणहून म्हणतात, याचं आता काहीच करता येणार नाही. मग कात्री हातात देते आणि सांगते, तुम्ही कापाल तो कपडाही पुढे कुणीतरी असाच उसवणार आहे. त्या माणसाला काम करता येईल एवढं कापड आत ठेवा, आणि गिऱ्हाईकाला ते ठेवलंय म्हणून सांगून द्या, म्हणजे अंग बदललं की ती बाजाराची वाट धरायच्या आधी तुमच्या दुकानाची पायरी चढेल.